तड्याखालची केबिन

ऑफिसात तिला सगळे जाळीबाई म्हणत, कारण ती दिवसभर संगणकावर जाळ्या विणायची. एखादी टाकी, पाइप किंवा यंत्राचा भाग घ्यायचा, पडद्यावर त्याचे हजारो बारीक तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यावर किती ताण येतो ते संगणकाकडून वदवून घ्यायचं, हे तिचं काम. संगणक तसा गरीब प्राणी. जे विचाराल त्याचं उत्तर देतो आणि जे गृहीत धरायला सांगाल ते मुकाट गृहीत धरतो. अशा स्वभावाची माणसं नोकरीत भराभर वर चढतात. संगणक मात्र बिचारा अजून टेबलाखालीच होता.

कंपनी लहान होती आणि साहेब मोठे होते. साहेबांनी कंपनीचे दोन विभाग पाडले होते. एक विभाग कारखाने चालवणाऱ्यांसाठी अहवाल लिहायचा, दुसरा त्या कारखान्यांचा विमा उतरवणाऱ्यांसाठी. इकडची गोष्ट तिकडे जाऊ नये म्हणून मध्ये काचेची भिंत होती, आणि आल्यागेल्याला साहेब ती हौसेने दाखवायचे. "ही आमची निःपक्षपातीपणाची भिंत," असं म्हणून ते तिच्यावर बोटाने टकटक करायचे. अडचण एवढीच होती की जाळी विणणारी बाई कंपनीत एकच. म्हणून ती भिंत जाळीबाईच्या टेबलापाशी येऊन थांबली होती. चाकांची खुर्ची डावीकडे सरकली की बाई कारखानदारांची, उजवीकडे सरकली की विमेवाल्यांची. दिवसातून दोनदा तरी ती पक्ष बदलायची, आणि त्यासाठी तिला उठावंही लागत नसे.

एके दिवशी डावीकडून काम आलं. एका वीजकेंद्रातल्या वाफेच्या मुख्य पाइपला वेल्डिंगच्या सांध्यापाशी तडा सापडला होता. आतली वाफ पाचशे अंशांच्या पुढची आणि दाब असा की नुसती सुईएवढी धार अंगावर आली तरी माणूस संपला. प्रश्न असा होता की हा पाइप आहे तसा आणखी किती वर्षं चालेल? त्याच आठवड्यात उजवीकडून काम आलं. तोच पाइप, तोच तडा आणि प्रश्नही तोच, फक्त वरचा शिक्का विमा कंपनीचा.

वीजकेंद्राचं नाव जाळीबाईने दोनदा वाचलं. तिचा धाकटा दीर तिथेच पाळीप्रमुख होता. वीज बनवणारा संच चालू करायचा, बंद करायचा, वाफ सोडायची, हे सगळं ज्या केबिनमधून चालतं त्या केबिनमध्ये तो बसायचा, आणि तो पाइप त्याच केबिनच्या छतावरून जायचा. पाइपमुळे खोली भट्टीसारखी तापते म्हणून भांडूनतंडून त्याने तिथे एसी बसवून घेतला होता. सगळ्या केंद्रात थंडगार खोली म्हणाल तर माझीच, हे तो घरी आलेल्या प्रत्येकाला सांगायचा.

इथे थोडं शास्त्र सांगणं भाग आहे. ज्यांना शास्त्राचं वावडं आहे त्यांनी कापडाचा विचार करावा. कापडाला चीर पडली की ओढणाऱ्याचा सगळा जोर चिरेच्या टोकाच्या धाग्यावर येतो. पोलादाचंही तेच. तड्याच्या टोकाशी ताण गोळा होतो, आणि तो किती होतो हे पोलादाचा स्वभाव तुम्ही कसा धरता त्यावर ठरतं. 'मोडेन पण वाकणार नाही' असा ताठ स्वभाव धरलात तर टोकाचा ताण आकाशाला भिडतो. उलट, सोसवेनासं झालं की पोलाद थोडं दबतं आणि उरलेला भार शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गळ्यात घालतं, असा संसारी स्वभाव धरलात तर टोकाचा ताण पुष्कळ उतरतो. ह्या दुसऱ्या स्वभावाला प्लास्टिसिटी म्हणतात. त्यात पोलाद तापलेलं असलं की ते वर्षानुवर्षं मुंगीच्या पावलांनी ताणतच राहतं, त्याचं नाव क्रीप. हा क्रीपही टोकाचा ताण हळूहळू उतरवत नेतो, त्यामुळे पुरेसा काळ लोटला की ताठ पोलाद आणि संसारी पोलाद जवळपास एकाच ठिकाणी येऊन पोचतात. खरा फरक असतो तो भार नवानवा पडतो त्या पहिल्या काही तासांत, आणि तडाही सगळ्यात जास्त वाढतो तो तेव्हाच. लग्नाचंही असंच असतं असं साहेब म्हणायचे, पण साहेब काहीही म्हणायचे.

संगणकात ह्या दोन स्वभावांमध्ये एका छोट्या चौकटीचं अंतर होतं. टिचकी मारली की प्लास्टिसिटी आली, पुन्हा मारली की गेली. जाळीबाईने दोन्ही करून पाहिलं. प्लास्टिसिटी नसताना पाइपचं आयुष्य निघालं दोन वर्षं. असताना निघालं अकरा.

तिने साहेबांपुढे दोन्ही आकडे ठेवले आणि दोन्ही पक्षांना दोन्ही आकडे द्यावेत असं सुचवलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"बाई, गिऱ्हाईकाला दोन आकडे देणं म्हणजे त्याला विचार करायला लावणं. त्यासाठी ते पैसे देत नाहीत."

"पण सर, दोन्हीपैकी खरा कोणता ते..."

"दोन्ही खरेच आहेत ना? संगणकाने काढलेत ना? मग झालं. कारखान्याला अकरा द्या, विम्याला दोन द्या. ज्याला जे पचतं ते वाढावं."

त्याप्रमाणे अहवाल गेले. विमा कंपनीच्या अधिकाऱ्याने फोन करून, पाइपात प्लास्टिक किती टक्के आहे आणि ती भेसळ कोणी केली, एवढं फक्त विचारून घेतलं. प्लास्टिक नाहीच हे कळल्यावर तो निश्चिंत झाला आणि दोन वर्षांच्या आकड्यावर त्याने हप्ता तिप्पट करून टाकला. वीजकेंद्राच्या व्यवस्थापकाने अकरा वर्षांच्या अहवालाला सोनेरी चौकट करून आपल्या खोलीत लावलं, असं ऐकायला मिळालं. जाळीबाईला चुटपुट लागून राहिली. पण पुढचं काम आलं आणि तिने खुर्ची सरकवली.

घरी मात्र सरकायला जागा नव्हती. जेवताना दीर गप्प गप्प होता. एरवी त्याच्या बडबडीपुढे ताटं थंड व्हायची.

"वहिनी, विमेवाले म्हणतात पाइप दोनच वर्षांचा. ते खरं ठरलं तर संच बंद करतील. चाळीस माणसं घरी बसतील. त्यात मी पहिला."

"असं कोण म्हणालं भाऊजी?"

"सगळेच म्हणतात. आणि हेही म्हणतात की आकडा तुझ्या ऑफिसातून येतो." त्याने ताटातून मान वर केली नाही. "तू अकरा लिही ना. तेही खरंच आहे म्हणे."

सासूबाईंनी पाण्याचं भांडं पुढे सरकवलं. "लिहायला काय जातं? एकावर एक. अगं, बाहेरच्यांना अकरा देतेस आणि घरच्याला दोन?"

जाळीबाईने ते भांडं उचललं. तिला दिसत होतं ते सरळ होतं. अकरा खरं धरलं तर भाऊजी त्या पाइपखाली बसणार, दोन खरं धरलं तर घरी बसणार. तिच्या नवऱ्याने, जो फिरतीच्या नोकरीमुळे आठवड्यातून एकदाच घरी जेवायचा, शहाण्यासारखा विषय बदलला. तिला त्याचाही राग आला. तिला स्वतःचा सगळ्यात जास्त आला.

पुढे व्हायचं तेच झालं. दोन आणि अकरा एकमेकांसमोर उभे ठाकले, वकील आले, आणि वाद मिटवायला एक समिती नेमली गेली. समितीने ठरवलं की दोन्ही अहवाल एका तिसऱ्या, तटस्थ संस्थेने तपासावेत. साहेबांनी त्याच दुपारी अशी एक तटस्थ संस्था काढली. तिची पाटी जिन्याकडच्या दारावर लागली. त्या दारातून आत शिरलं की सरळ जाळीबाईच्या टेबलाशी पोचायला व्हायचं.

म्हणजे डावीकडे बसून जे लिहिलं आणि उजवीकडे बसून जे लिहिलं, ते दोन्ही तिला आता मध्ये बसून तपासायचं होतं. हसावं की रडावं ते तिला कळेना. पण खुर्ची मधोमध ठेवून तिने पहिला अहवाल उघडला आणि थोड्याच वेळात लिहिणारीचा तिला संताप आला. प्लास्टिसिटी धरली ते बरोबर होतं, पोलाद खरंच दबतं. पण किती दबतं ते कुठून घेतलं? प्रयोगशाळेतल्या नव्याकोऱ्या पत्र्यावरून. आणि तडा होता जुन्या, वर्षानुवर्षं भाजून निघालेल्या वेल्डिंगमध्ये. त्या वेल्डिंगचा स्वभाव कोणी तपासलाच नव्हता. सुनेची माहिती शेजारणीवरून काढावी तसला हा प्रकार. दुसरा अहवाल तर त्याहून सोपा होता. त्यात स्वभावाचा प्रश्नच नको म्हणून पोलादाला दगड मानलं होतं. बाईने समासात स्वतःला कडक शब्दांत लिहिलं, मग ते शब्द जरा सौम्य केले, कारण शेवटी लेखिकेलाही मन असतं.

आणि मग तिला ते दिसलं. दोन्ही अहवालांत एक ओळ सारखी होती: 'संच एकदा चालू केला की अखंड चालतो असे गृहीत धरले आहे.' ती ओळ तिने नेहमीच्या नमुन्यावरून उचलली होती. सगळेच तशी उचलतात.

संध्याकाळी तिने दिराला विचारलं, "भाऊजी, हल्ली तुमचा संच किती वेळा बंद पडतो?"

"पडत नाही. पाडतात."

"का?"

"तडा बघायला येतात ना. पूर्वी एकदा चालू केला की महिनोन्महिने हात लावायला लागायचा नाही. आता दर आठवड्याला कोणीतरी. विमेवाले आले, विमेवाल्यांचा विमा उतरवणारे आले, मग वकील आले. तुझे साहेब फोटोग्राफर घेऊन आले." तो बोटांवर मोजत सांगू लागला. "संच बंद करा, पाइप थंड करा, वरचं वेष्टण काढा. मग पाहुणे वर चढतात, तड्याकडे बघतात, 'हं' म्हणतात, आणि उतरतात. पुन्हा वेष्टण, पुन्हा वाफ. एका 'हं'साठी माझी अख्खी पाळी जाते."

जाळीबाईला आपली ती ओळ आठवली. प्रत्येक वेळी वाफ सोडली की भार पुन्हा नव्याने पडत होता. जे पहिले तास सगळ्यात वाईट, ते दर आठवड्याला नव्याने उगवत होते. तडा आहे तसा सोडला असता तर तो मुंगीच्या पावलांनी गेला असता. त्याची काळजी करणाऱ्यांनीच त्याला उड्या मारायला शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने सगळं पुन्हा मांडलं, ह्या वेळी बंद-चालू, बंद-चालू असं. उत्तर वर्षांत आलंच नाही. ते आलं भेटींमध्ये. पोलाद ताठ धरलं तर आणखी दोन-तीन भेटी. संसारी धरलं तर कदाचित दहा, कदाचित जास्त. ते जुनं वेल्डिंग खरोखर कसं आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे ह्या दोन-तीन आणि दहामधलं काहीही. तिने तसंच लिहिलं. तडा काळाने वाढत नसून पाहणीने वाढत आहे. यापुढे पाहायला जाऊ नये. आणि संच कधी बंद झालाच, तर तो तुकडा बदलल्याशिवाय चालू करू नये.

साहेबांनी अहवाल दोनदा वाचला.

"म्हणजे किती वर्षं?"

"भेटींवर आहे, सर."

"भेटी हे काय माप आहे बाई? आणि ह्यात हे 'माहीत नाही' काय लिहिलंय? आपण माहीत नसण्याचे पैसे घेतो का?" मग त्यांचा आवाज मऊ झाला. "भाषा चांगली आहे तुमची. पाठवून देतो."

समितीत अहवालावर गंभीर चर्चा झाली. निष्कर्ष धक्कादायक आहेत, ह्यावर एकमत झालं. आणि धक्कादायक निष्कर्ष नुसत्या कागदावर स्वीकारणं योग्य नसल्यामुळे, समितीने स्वतः जाऊन प्रत्यक्ष पाहणी करावी असा ठराव झाला.

बदलायचा तुकडा नव्हता असं समजू नका. तडा सापडला त्याच महिन्यात तो मागवला होता, आला होता, आणि केंद्राच्या भांडारात प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून पडला होता. पण अंतिम अहवालाशिवाय तो भांडारातून निघत नव्हता, आणि पाहणीशिवाय अहवाल अंतिम होत नव्हता.

पाहणीच्या आदल्या दिवशी दिराने ताट वाढून घेतलं आणि तिच्या समोरच येऊन बसला.

"उद्या माझ्याच पाळीत आहे. वहिनी, ते दोन आणि अकरा राहू दे. मला एकट्याला सांग, काय होईल?"

"माहीत नाही, भाऊजी."

"एवढं शिकून?" सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरंच आश्चर्य होतं.

"एवढं शिकले म्हणून तर माहीत नाही म्हणता येतंय, आई."

दीर हसला. "मी तो इतक्या वेळा चालू केलाय. एकदाही काही झालं नाही."

"त्याला प्रत्येक वेळचं आठवत असतं," ती म्हणाली. तो हसायचा थांबला, पण भात मात्र त्याने पुन्हा वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सगळे जमले. केंद्राचे व्यवस्थापक, विमा अधिकारी, समजावून सांगायला जाळीबाईला सोबत घेऊन साहेब, आणि समितीचे अध्यक्ष. अध्यक्ष निवृत्त होते, अनेक समित्यांवर होते आणि त्यातल्या बहुतेक समित्यांमध्ये झोपून उठलेले होते. संच बंद करून पाइप थंड केलेला होता. मागच्या लोखंडी जिन्याने सगळे वर चढले आणि ओळीने तड्याकडे वाकले.

"एवढासाच?" व्यवस्थापक म्हणाले. पाहिलेला होता, तरी म्हणाले.

"एवढा?" विमा अधिकारी म्हणाले.

अध्यक्ष 'हं' म्हणाले.

व्यवस्थापकांनी पाइपवर थाप मारली. "अकरा वर्षं हा हलत नाही. लिहून देतो." विमा अधिकारी म्हणाले की दोन वर्षं हासुद्धा उदारपणा आहे, त्यांना स्वतःला दोन महिन्यांचीही खात्री वाटत नाही. जाळीबाईने अध्यक्षांना हळूच सांगितलं, "सर, आता बंद आहेच, तर तुकडा बदलूनच चालू करावा. अहवालात आहे तसं."

"अहवाल अंतिम झाला की बघू," अध्यक्ष म्हणाले आणि रेलिंग धरून उतरायला लागले.

वर उकाडा भयंकर होता. सगळे घामाने निथळत होते. व्यवस्थापकांनी फोन करून पाळीप्रमुखाला सांगितलं, "पाहुण्यांच्या चहाची सोय कर. जरा थंड जागी."

आता केंद्रात थंड जागा कोणती हे तुम्हाला माहीत आहे. दिराने केबिन झाडून घेतली, चार खुर्च्या जास्तीच्या आणल्या, चांगले कप काढले. त्याच्या मनात दुसरं काहीही नव्हतं. वहिनीचे साहेब येणार, आपले साहेब येणार, आणि आपली खोली सगळे बघणार, एवढ्यानेच तो फुलला होता. पाहुणे पुढच्या बाजूच्या बोळातून आत आले. गारवा लागताच प्रत्येकाच्या तोंडून सुस्कारा निघाला.

"वा, छान खोली आहे," साहेब म्हणाले.

"बसा ना सर. एसी नवा आहे."

"आम्ही चहा घेतो, तोवर तू वाफ सोडायला घे," व्यवस्थापक म्हणाले. "उगाच वेळ नको घालवू."

दिराने इशाऱ्याचा भोंगा दिला. अध्यक्षांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आपण बघितला तो पाइप कुठल्या बाजूला राहिला आता?"

"बाजूला कशाला सर? हा काय, डोक्यावर." दिराने अभिमानाने छताकडे बोट केलं. "इथूनच जातो. तो सांधा म्हणजे बरोबर तुमच्या खुर्चीच्या वर."

सगळ्यांच्या माना एकदम वर गेल्या.

पहिले उठले विमा अधिकारी. त्यांचं उठणं समजण्यासारखं होतं. त्यांची श्रद्धा दोन महिन्यांची होती आणि ते श्रद्धेला जागले. मग अकरा वर्षंवाले व्यवस्थापक उठले. त्यांना एक महत्त्वाचा फोन करायचा होता आणि आत रेंज नव्हती. साहेबांनी आधी व्यवस्थापकांकडे पाहिलं, मग विमा अधिकाऱ्यांकडे, आणि दोन्ही गिऱ्हाइकं एकाच दाराने चालली आहेत असं बघून ते कपासकट निघाले. अध्यक्षांना कोणी हात दिला नाही, तरी ते ह्या वयात विलक्षण चपळाईने उठले. बशी हिंदकळली. दार आपोआप बंद झालं.

जाळीबाईही अर्धी उठली होती, खोटं कशाला सांगा. उठता उठता तिने दिराकडे पाहिलं. तो पॅनेलशी उभा होता. पाहुण्यांचे तीन अर्धे कप टेबलावर तसेच होते. तो कपांकडे बघत होता, मग छताकडे, मग पुन्हा कपांकडे. त्याच्या चेहऱ्यावरचं यजमानाचं हसू अजून पुरतं उतरलं नव्हतं. जाताना त्याला कोणी 'तूही चल' म्हणालं नव्हतं. खुर्च्या मागे राहतात तसा तो मागे राहिला होता, आणि तिला एवढा राग आला की तिचे कान तापले. ती पुन्हा खाली बसली, अध्यक्षांच्या खुर्चीत.

"वहिनी, ऊठ. वाफ सोडायचीय."

"सोडा ना."

"तू आधी बाहेर जा."

"का? अकरा वर्षं चालणार आहे ना?"

त्याचा हात पॅनेलवर होता आणि तिथेच राहिला. टेबलावरचा फोन वाजला. व्यवस्थापक फाटकापाशी पोचले होते, तिथे रेंज चांगली होती.

"अरे, काय झालं? वाफ का नाही सुटत?"

"साहेब, केबिनमध्ये एक पाहुण्या बाई बसल्यात."

"त्यांना उठव."

"उठत नाहीत."

केबिनच्या भिंतीवर सुरक्षिततेचे नियम लावलेले होते, आणि जाळीबाईचं लक्ष आता तिकडे गेलं. संच चालू करताना कोणीही पाहुणा ह्या भागात असता कामा नये. तसा असल्यास संच चालू करणाऱ्यावर आणि व्यवस्थापकावर फौजदारी कारवाई होईल. कामगारांबद्दल त्या नियमात काही नव्हतं. कामगार तिथे असणारच, हे गृहीत धरलेलं होतं.

तिने बोट दाखवलं. दिराने तो नियम फोनवर मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना त्याचा आवाज पहिल्या ओळीत कापत होता, दुसरीत नव्हता.

साहेब खिडकीबाहेर येऊन खाणाखुणा करून गेले. बाईने त्यांना हात केला. मग त्यांचा निरोप आला की तिची नोकरी जाईल. मग आला की तिची बढती होईल. ती बसून राहिली. तिने अध्यक्षांचा चहा बाजूला सारला आणि स्वतःचा प्यायली, गार झाला होता तरी. शेवटी संध्याकाळची वीज द्यायचा करार मोडणार हे कळल्यावर वरून कोणीतरी, कोण ते आजतागायत समजलेलं नाही, भांडाराचं कुलूप उघडायला सांगितलं. अंतिम अहवालाची अट त्या दिवशी कोणाला आठवली नाही.

पुढे तो तुकडा कापून काढला, तेव्हा तडा दोन्ही अहवालांतल्यापेक्षा खोल निघाला. पाइप फुटला नाही म्हणून व्यवस्थापकांनी आपलंच बरोबर होतं असं कळवलं, तडा खोल निघाला म्हणून विमा कंपनीने आपलं, आणि साहेबांनी दोघांचं अभिनंदन केलं. पाळीप्रमुखाला मनाई असलेल्या जागी पाहुण्यांना चहा दिल्याबद्दल खुलासा मागितला गेला आणि त्याची बढती दोन वर्षं लांबली. जाळीबाईच्या टेबलापुरती काचेची भिंत वाढवली गेली आणि बाई आता एका बाजूला बसते, कोणत्या ते दर महिन्याला ठरतं.

पण त्या संध्याकाळी दोघं फाटकातून बाहेर पडले तेव्हा ह्यातलं सगळं अजून व्हायचं होतं. रस्त्यावर दिवे लागले होते. बसथांब्यावर येऊन दिराने तिची पिशवी आपल्या हातात घेतली.

"वहिनी, भीती नाही वाटली तुला?"

"वाटली ना. उठायचं म्हटलं असतं तरी उठता आलं नसतं."

तो हसला नाही. "काय होईल ते तुलाही माहीत नव्हतं. मग बसलीस कशाला?"

ती रस्त्याकडे बघत राहिली. डोळ्यांत पाणी येतंय हे तिला कळत होतं, आणि तिने ते येऊ दिलं.

"तुम्ही रोज माझ्याच आकड्याखाली बसत होतात, भाऊजी."